हाजीसाहेबांच्या घरची पत्रिका

हे पत्र यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातून आलं आहे. लिहिणारी अंगणवाडी सेविका आहे, मराठी शाळेत शिकलेली, शेतकरी मुसलमान घरातली सून. पत्र सात पानी होतं. ओळख पटेल असं सगळं गाळून मतलब तेवढा तिच्याच शब्दांत देते.

प्रश्न : मागच्या वर्षी माझे सासू-सासरे नागपूरहून हजला जाऊन आले. आम्ही त्यांना अम्मी-अब्बा म्हणतो. घरी आठ एकर कोरडवाहू वावर आहे. शेवटचा हप्ता माझ्या मिस्टरांनी पडत्या भावात कापूस विकून भरला. परत आल्यापासून अख्खं गाव अब्बांना 'हाजीसाहेब' म्हणतं. अम्मी त्याच विमानात गेल्या आणि त्याच विमानात आल्या, पण त्यांना कोणी काही म्हणत नाही. फार तर 'हाजीसाहेब के घर से'. आता नणंदेचं लग्न ठरलं आहे. मुलाकडच्या पत्रिकेवर तीन हाजी आहेत, म्हणून मिस्टरांना आमच्या पत्रिकेवर अब्बांच्या नावापुढे 'अल्हाज हाजी' पाहिजे. अब्बा 'राहू दे, नको' म्हणतात आणि उठून जातात. धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, आमच्या एका शेजाऱ्याशी जुनं बिनसलेलं आहे. तो पानठेल्यावर सगळ्यांसमोर म्हणतो, 'हाजीसाहेब, आता तरी धुरा कोरनं सोडा.' मला हा सगळा दिखावा वाटतो. आणि छापलंच तर अम्मींचं काय? त्यांनी काय कमी केलं? हाजी ही पदवी नेमकी काय आहे? ती छापावी का? आणि हे मी, सुनेनं, बोलावं का? उत्तर एका ओळीत दिलं तरी चालेल.

ताई,

एका ओळीचं उत्तर आहे. छापायचं तर दोघांच्या नावापुढे छापा, नाहीतर कुणाच्याच नाही. आणि त्याआधी अब्बा 'नको' का म्हणतात ते विचारा. पण ही ओळ तुम्ही रात्री जेवताना घरात वाचून दाखवलीत तर ताटं तशीच राहतील. म्हणून जरा बसा.

आधी माझं सांगते. मी मुसलमान नाही आणि आलिम, म्हणजे धर्मशास्त्र शिकलेली, तर नाहीच. मसला, म्हणजे धर्माच्या नियमाचा प्रश्न, विचारायचा असेल तर तुमच्या मशिदीतल्या इमामसाहेबांकडे जा. मी एका शब्दाबद्दल आणि एका घराबद्दल बोलणार आहे. त्या दोन्हींशी माझी थोडीफार ओळख आहे.

तुमच्या मिस्टरांपासून सुरू करते, कारण सगळ्यात जास्त राग त्यांच्यावर निघाला आहे. 'दिखावा' हा शब्द तुमच्या मूळ पत्रात पाच वेळा आला. पण त्याच पत्रात तुम्हीच लिहिलंय की पडत्या भावात कापूस त्यांनी विकला. ते स्वतः हजला कधी जातील, जातील की नाही, कोणाला ठाऊक. आई-बापाला पाठवलं ही त्यांची आजवरची सगळ्यात मोठी कमाई आहे, आणि ती कोणाला दाखवायची तर पत्रिकेच्या कागदाशिवाय त्यांच्याकडे काही नाही. शिवाय बहीण तीन हाजींच्या घरात चालली आहे. तिला तिथे 'कुठून आणली ही' असं कोणी म्हणू नये, ही भावाची धाकधूक आहे. त्यात थोडा दिखावा असेलही. लग्नपत्रिका हा प्रकारच दिखाव्याचा आहे. आमच्याकडच्या पत्रिका काढून बघा : ह.भ.प. आहेत, माजी सरपंच आहेत, सोसायटीचे संचालक आहेत, सेवानिवृत्त मुख्याध्यापक आहेत. एका पत्रिकेवर मी 'भावी जिल्हा परिषद सदस्य' सुद्धा वाचलंय. तो अजून भावीच आहे.

बुखारी शरीफ हा हदीसांचा, म्हणजे पैगंबरांच्या वचनांचा, संग्रह. त्यातली पहिलीच हदीस सांगते की कर्माचं मोल नियतवर, म्हणजे मनातल्या हेतूवर, ठरतं. तुम्ही तिचाच आधार घेऊन मिस्टरांना दोषी ठरवलंत. मी तीच हदीस वाचून थांबते, कारण नियत आत असते. ती मला इथून दिसत नाही आणि तुम्हालाही चुलीपाशी बसून पुरती दिसत नसणार. तेव्हा 'तुम्ही दिखावा करता' या वाक्यानं बोलणं सुरू करू नका. त्या वाक्यानंतर कोणताच नवरा पुढचं ऐकत नाही.

आता शब्द. 'हज' या अरबी शब्दाच्या मुळाशी एखाद्या ठिकाणी जायचं मनात धरून निघणं, असा अर्थ आहे. जो हज करतो तो अरबीत 'हाज्ज' आणि जी करते ती 'हाज्जा'. आपण म्हणतो ते 'हाजी' हे रूप फारसी-तुर्कीच्या वाटेनं उर्दूत आलं आणि तिथून तुमच्या पानठेल्यापर्यंत पोचलं. अर्थ सरळ आहे : हज केलेला माणूस. वारी करतो तो वारकरी, तसं. कुरआनात हा शब्द येतो तो यात्रेकरू एवढ्याच अर्थानं, कुणाच्या नावाला लावायची पदवी म्हणून नाही. खुद्द पैगंबरांनी हिजरी 10 मध्ये, म्हणजे इसवी सन 632 मध्ये हज केला. सोबत सहाबांचा, म्हणजे त्यांच्या साथीदारांचा, मोठा जमाव होता. पण 'हाजी अबू बक्र' असं तुम्ही कधी कोणाच्या तोंडून ऐकलंय? पाच वेळा नमाज पढणाऱ्याला आपण 'नमाजीसाहेब' म्हणून पत्रिकेवर छापत नाही. जकात, म्हणजे धर्मानं ठरवून दिलेलं दान, देणाऱ्याच्या नावापुढे काही लागत नाही. इस्लामच्या पाच खांबांपैकी नावापुढे जाऊन बसला तो हा एकच.

का, याचा मी बराच विचार केला. मला वाटतं, उत्तर रस्त्यात आहे. नमाज गावात होते, रोजा घरात होतो. हजसाठी मात्र गाव सोडावं लागतं. आज नागपूरहून विमान उडतं आणि काही तासांत माणूस जेद्दा नाहीतर मदिनेला उतरतो. पण 1995 पर्यंत मुंबईहून जेद्दाला बोटी जात होत्या, आणि त्याच्याही आधीच्या काळी शिडाच्या जहाजातून गेलेला माणूस परत येईलच असं कोणी धरून चालत नसे. जाणारा कर्ज फेडून, वाटण्या करून, घरोघर 'कहा-सुना माफ करना' म्हणून निघायचा. तो परत आला की गाव त्याला नव्या नावानं हाक मारायचं. आमच्याकडे काशीला जाऊन आलेल्याचं मावंदं घालायचे, ते याच जातीचं. गेला होता, परत आला, याची गावानं दिलेली पावती. आणि ही पावती मुसलमानांनीच दिली असंही नाही. ग्रीक, सर्ब, बल्गेरियन ख्रिस्ती लोक जेरुसलेमची यात्रा करून आलेल्याच्या नावाला हाच शब्द जोडत. त्यावरून पडलेली आडनावं तिकडे आजही चालतात.

म्हणजे हाजी ही धर्मानं दिलेली पदवी नव्हे. ती देणारी कुठली परीक्षा नाही, सनद नाही. हज कमिटी अर्ज घेते, जागा देते, विमानात बसवते, पण नावापुढे काही लावून देत नाही. हा शब्द लोकांच्या तोंडचा आहे. अरब मुलुखात तर कितीतरी ठिकाणी कुठल्याही म्हाताऱ्या माणसाला रस्त्यात 'या हाज्ज' आणि म्हातारीला 'या हाज्जा' म्हणून हाक मारतात. ती गेली की नाही, कोणी विचारत नाही. आपल्या वारीत कसं, पोलिसापासून चहावाल्यापर्यंत सगळेच एकमेकांना 'माउली' म्हणतात, तसं. लोकांनी आदरानं म्हटलं तर चालतं, आपणहून लावून मिरवू नये, असं बरेच आलिम सांगतात. पत्रिका या दोन्हींच्या मधोमध पडते. हाक मारणारे लोक आहेत, पण छापणारे आपण आहोत. तुमच्या घरातली ओढाताण इथेच आहे, आणि ती खोटी नाही.

'अल्हाज हाजी'चं मात्र लगेच निकालात काढते. आपल्याकडे समज असा की एकदा गेला तो हाजी आणि एकाहून जास्त वेळा गेला तो अल्हाज. अरबीत असं काही नाही. 'अल' हे नुसतं नामाआधी लागणारं उपपद आहे, म्हणजे 'अल्हाज' आणि 'हाजी' एकच. दोन्ही छापणं म्हणजे 'श्री. श्रीयुत' छापल्यासारखं. प्रेसवाला काही बोलणार नाही, पण मुलाकडचा एखादा उर्दू शिकलेला मामा मांडवात बसून हसेल. मिस्टरांना हे कारण सांगा. दिखाव्याच्या कारणापेक्षा ते लवकर पटेल.

आता अम्मी. खरं सांगू? तुमचं पत्र मी ठेवून घेतलं ते अम्मींसाठी.

मी लहान असताना आमच्या गावात एक हाजी टेलर होते. बोटीनं जाऊन आलेले. त्यांच्या दुकानावर पाटी नव्हती, पण पंचक्रोशीत 'हाजी टेलर' म्हटलं की पोस्टमन पत्र आणून द्यायचा. एकदा माझे वडील त्यांचा रेशनकार्डाचा अर्ज भरत होते. पूर्ण नाव विचारलं तर ते क्षणभर थांबले, आठवावं लागलं. मग कुटुंबाचं नाव विचारलं. ते आतल्या खोलीकडे बघून म्हणाले, 'ती काय, हाजी टेलरची बायको.' आतून आवाज आला, 'मैं भी गई थी.' मी आत गेले आणि विचारलं, आजी, तुम्ही पण गेल्या होत्या? त्या बटणं टाकत बसल्या होत्या. म्हणाल्या, 'ये तो बोट में उल्टियाँ करते रहे. पानी कौन पिलाया इनको?' एवढं बोलून त्यांनी दातानं दोरा तोडला.

तुमच्या अम्मींनी तिथे काय केलं ते कधी विचारलंत? हजमध्ये पुरुष दोन बिनशिवल्या पांढऱ्या चादरी गुंडाळतात, बाया आपल्या साध्या कपड्यांत असतात. फरक असा एवढ्यातेवढ्याचा. काब्याभोवती फेरे दोघांना सात. अरफातच्या मैदानात जिलहज महिन्याच्या नऊ तारखेला उभं राहणं दोघांना. कुरआन सांगतो की जाण्याची ऐपत असेल त्याच्यावर हज फर्ज, म्हणजे बंधनकारक, आहे. बाईला त्यातून सूट नाही आणि तिचा हज अर्धाही धरला जात नाही.

आणि सफा-मरवा, मक्केतल्या त्या दोन टेकड्या. हे मला नेहमी थांबवतं. पैगंबर इब्राहीम यांच्या पत्नी हजरत हाजरा लेकराला घेऊन त्या उजाड खोऱ्यात एकट्या होत्या. पाणी संपलं. लेकरू तहानेनं तडफडत होतं. या टेकडीवरून त्या टेकडीवर, त्या टेकडीवरून या टेकडीवर त्या पाण्यासाठी धावल्या, सात वेळा. मग जमजमचा झरा फुटला. आज जगभरातून आलेला प्रत्येक हाजी, लखपती असो की तुमच्या अब्बांसारखा कोरडवाहू शेतकरी, त्या दोन टेकड्यांमध्ये सात खेपा घालतो. तीन किलोमीटरच्या वर अंतर होतं. मधल्या पट्ट्यात हिरव्या दिव्यांची खूण आहे, तिथे पुरुषांनी वेग वाढवून जवळजवळ धावायचं आणि बायांनी चालतच राहायचं. म्हणजे जिथे एक आई धावली तिथे आता पुरुष धावतात. अब्बांना हाजी म्हणवून देणाऱ्या यात्रेतली ही एक पूर्ण क्रिया एका बाईच्या पाण्यासाठीच्या धावपळीवरून आली आहे. आपल्या जिल्ह्यात उन्हाळ्यात पाण्याच्या घागरी घेऊन बाया किती खेपा घालतात, हे तुम्ही अंगणवाडीच्या दारातून बघता. मी वेगळं सांगायला नको.

बाईसाठी शब्दही तयार आहे. उर्दूत हज केलेल्या बाईला 'हज्जन' म्हणतात, कुठे कुठे 'हाजियानी'. तुमच्या गावात तो ऐकू येत नसेल तर त्याचं कारण भाषेत नाही, सवयीत आहे. आणि ही सवय काही एकट्या मुसलमानांची नव्हे. आमच्या पत्रिकांवर 'श्री. व सौ.' लिहून पुढे एकट्या नवऱ्याचं नाव असतं. बाई त्या 'सौ.'मध्ये मावते. नवरा गेला की 'गं.भा.' होते. पुरुष मात्र जन्मभर 'श्री.', बायको असो की नसो. या शब्दांवरून अधूनमधून वर्तमानपत्रांत वाद पेटतो आणि विझतो, पत्रिका तशाच छापल्या जातात. तेव्हा मी तुमच्या घराला नावं ठेवत नाही, सगळ्यांनाच ठेवते.

पण एक गोष्ट तुम्ही धरून चालला आहात, ती तपासा. अम्मींना हे पाहिजे आहे का? तुम्हाला टोचतंय, हे खरं. त्यांना टोचतं की नाही, पत्रात कुठे दिसलं नाही. कदाचित त्यांना 'अम्मी'च गोड वाटत असेल. कदाचित 'हज्जन' म्हटल्यावर आता टीव्ही बघितला तरी लोक बोलतील, अशी भीती असेल. सगळ्यांसमोर विचारू नका, तिथे त्या 'मेरेको क्या करना' म्हणतील आणि विषय संपेल. भाजी निवडताना विचारा. आधी नावाचं काढूच नका. तिकडे काय खाल्लं, पाय किती दुखले, मिनाच्या तंबूत शेजारी कोण होतं, गर्दीत अब्बा हरवले होते का, हे विचारा. सांगता सांगता त्या स्वतःच कुठल्या शब्दावर येतात ते ऐका. आणि आल्यावर खजुराच्या पुड्या कोणी बांधल्या, जमजम घोट-घोट करून अख्ख्या गल्लीला कोणी पुरवलं, हेही आठवून द्या. माझी खात्री आहे की ते अब्बांनी केलं नसेल.

त्यांना आवडलं तर सुरुवात छापखान्यातून करू नका. घरातून करा. तुमची लेकरं 'हज्जन दादी' म्हणू लागली की महिनाभरात गल्ली म्हणेल. हाजीसाहेब हा शब्दही अब्बांच्या नावाला असाच चिकटला.

आता धुरा. तुम्ही हे तीन ओळींत लिहून पुढे गेलात, पण माझ्या मते अब्बांच्या 'नको'ची चावी इथे असू शकते. असू शकते म्हणते, आहे म्हणत नाही. अब्बा खरोखर संकोची असतील. हजवरून आलेले कितीतरी लोक नाव लावू देत नाहीत, ते त्यांच्या आणि अल्लाहच्या मधलं आहे म्हणतात. पण 'राहू दे' म्हणून उठून जाणारा माणूस कधी कधी दुसऱ्याच कशापासून उठून जात असतो. पत्रिका गावभर जाईल. पानठेल्यावरही जाईल. तिथे तो शेजारी ती उघडून 'हाजी' हा शब्द मोठ्यानं वाचेल, हे अब्बांना आत्ताच ऐकू येत असेल.

गळ्यात तुळशीची माळ घातलेल्या माणसाचं आमच्याकडे असंच होतं. काल जे बिनबोभाट चालत होतं, त्यावर आज 'अन् म्हणे माळकरी' असं ऐकावं लागतं. शब्द आदराचा असतो तसा पकडीचाही असतो. लोकांच्या हातात एक दोरी येते आणि ते ती ओढतात. शेजारी खरा की अब्बा खरे, मला माहीत नाही. धुरा तोच कोरत असेल आणि आवाजही तोच करत असेल, असंही गावात होतं. पण तुमच्या धर्मात हे स्पष्ट सांगितलंय, आणि अब्बांना माझ्याहून चांगलं ठाऊक असेल, की हजनं अल्लाहच्या दरबारातले गुन्हे माफ होतात, माणसांचं देणं माफ होत नाही. ते त्या त्या माणसाकडेच चुकवावं लागतं, नाहीतर त्यानं माफ करावं लागतं. हुकूकुल इबाद म्हणतात ते हेच. निघण्याआधी अब्बा 'कहा-सुना माफ' करत घरोघर फिरले असतील. त्या शेजाऱ्याच्या दारात गेले होते का? हा प्रश्न तुम्ही विचारू नका, मिस्टरांना विचारू द्या. बाप-लेकात आणि वावरात, संध्याकाळी.

आणि धुऱ्याचा निकाल भाषणानं लागत नाही, मोजणीनं लागतो. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज द्या, फी भरा. लगतच्या शेतकऱ्यांना नोटीस जाते, भूकरमापक येतो, हद्दीच्या खुणा दाखवतो, नकाशाची प्रत मिळते. अर्ज अब्बांनी आपणहून दिला तर पानठेल्यावरचं बोलणं अर्धं तिथेच बसतं. हात-दोन हात जागा सोडावी लागली तर सोडावी. लग्नाआधी मोजणी होईलच असं सांगता येत नाही, पण अर्जाची पोच हातात घेऊन त्या घरी पत्रिका द्यायला जाता येतं. ती पत्रिका मुलाच्या हाती पाठवू नका, अब्बांनी स्वतः न्यावी. तो आला तर बरं, नाही आला तर तो त्याचा प्रश्न.

मग छापायचं की नाही? अब्बांनी सगळं बोलूनही 'नको' म्हटलं तर नको. ज्याच्या नावापुढे शब्द बसणार, शेवटचा शब्द त्याचाच. मिस्टर हिरमुसतील. त्यांना सांगा की लग्नाच्या दिवशी मौलानासाहेब मांडवात 'हाजीसाहेब, इधर आइये' म्हणतीलच, आणि ते मुलाकडच्या तिन्ही हाजींना ऐकू जाईल. अब्बांनी 'हो' म्हटलं तर साधं छापा : हाजी अमुक आणि हज्जन अमुक यांची कन्या. एकाच आकाराच्या अक्षरात, एकाच ओळीत. अम्मींना 'हज्जन' नको असेल आणि अब्बांना 'हाजी' चालत असेल तर काय, असंही तुम्ही विचाराल. तेव्हा माझा कल दोघांचंही गाळण्याकडे आहे. एका नावापुढे आहे आणि शेजारच्या नावापुढे नाही, हे वाचणाऱ्याला 'त्या गेल्याच नाहीत' असं सांगतं, आणि ते खोटं आहे. दोघांचीही नावं शब्दाविना, पण पूर्ण छापा. इथे तुमचं घर माझ्याशी सहमत नसेल तर मी वाद घालणार नाही.

सुनेनं बोलावं का? तुम्ही अंगणवाडीत रोज दुसऱ्यांच्या सासवांना समजावता. बोला. फक्त तिघांशी तीन वेगळ्या वेळी बोला : अम्मींशी स्वयंपाकघरात, मिस्टरांशी पत्रिकेच्या कच्च्या कागदावर, आणि अब्बांशी मिस्टरांच्या मार्फत. नणंदेलाही विचारा, लग्न तिचं आहे. सात पानांत तिचं मत एकदाही आलं नाही.

असंच विचारणारी आणखी काही पत्रं पडून आहेत, त्यांचंही इथेच उरकते. उमरा, म्हणजे मक्केची छोटी यात्रा, करून आलेल्याला हाजी म्हणत नाहीत. उमरा वर्षात केव्हाही होतो, हज जिलहजच्या ठरलेल्या दिवसांतच होतो. एखाद्यानं बॅनरवर लावलंच असेल तर चारचौघांत दुरुस्त करायला जाऊ नका. आधार, सातबारा, बँकेचं पासबुक, पीकविमा यांत 'हाजी' घालू नका. एका कागदावर आहे आणि दुसऱ्यावर नाही, की अनुदान अडकतं आणि मग तहसीलचे हेलपाटे सुरू होतात. 'आमच्या गावातल्या चाचांना आता चाचा म्हणायचं की हाजीसाहेब,' असं एका हिंदू वाचकानं विचारलंय. पहिल्या भेटीत 'हाजीसाहेब' म्हणा, गळाभेट घ्या, खजूर खा. दुसऱ्या दिवसापासून 'हाजी चाचा' आपोआप होतं. चाचांनाच काय आवडतं ते त्यांच्या चेहऱ्यावर कळेल.

आणि ताई, एक राहिलं. तुम्ही पत्रात अब्बांचं नाव लिहिलंत, मिस्टरांचं लिहिलंत, त्या धुऱ्यावाल्याचं तर आडनावासकट लिहिलंत. मी यातलं काहीच छापणार नव्हते आणि छापलंही नाही. पण अम्मींचं नाव सात पानांत कुठेच सापडलं नाही. पासपोर्टात असेल. प्रेसमध्ये कागद देण्याआधी ते त्यांनाच मोठ्यानं वाचायला सांगा, ऱ्हस्व-दीर्घ तपासून घ्या.